उंदराच्या पोटाचें झांकण



बत्तीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला, आणि तो बहुतेक गादीवर बसणाऱ्यांचा शिकविला. आज जिचा इतिहास सांगावयास मी बसलों आहें ती वस्तु गादीवर नव्हे, हाताखालीं बसते. संगणकाबरोबर येणारा जो माऊस, त्याच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक आहें. विद्युच्छास्त्राची पदवी मजपाशीं नाहीं. म्हणून या यंत्राच्या मेंदूविषयीं मी फारसें बोलणार नाहीं, त्याच्या पोटाविषयीं बोलणार आहें. हें पोट एके काळीं उघडतां येत असे. त्याच्या तळाशीं एक वाटोळें झांकण असे. तें अंगठ्यानें फिरवावें, आंतली गोळी तळहातावर घ्यावी, सांचलेला मळ काढावा आणि पुन्हां सर्व जागच्या जागीं बसवावें, एवढी विद्या १९८३ च्या सुमारापासून त्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगांतील लक्षावधि घरांतून, कचेऱ्यांतून आणि शाळांतून लोकांना अवगत होती. आज ती कोणाला लागत नाहीं. एखादी विद्या बुडाली म्हणजे तिची हकीकत सांगावयाची, हें आम्हां मास्तरांचें कामच आहे.

परंतु त्या हकीकतीकडे वळण्यापूर्वीं मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. कारण मी या विषयाच्या नादीं लागलों तो तिच्यामुळें. १९९८ सालची गोष्ट. आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनीं चार संगणक भेट दिले. धूळ येऊं नये म्हणून खोलीच्या खिडक्यांना पडदे लावले, दाराशीं जोडे काढण्याची सक्ती केली, आणि खोलीची किल्ली माझ्या स्वाधीन झाली. मला संगणक येत होता म्हणून नव्हे. मी शिस्तीचा समजला जात असें म्हणून. दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशीं असें दिसून आलें कीं, तिसऱ्या यंत्राच्या पडद्यावरील बाण डावी-उजवीकडे नीट धांवतो, पण वर-खालीं मुळींच जात नाहीं. त्यापूर्वीं त्या यंत्रावर सातवींतला एक मुलगा बसला होता. माऊस टेबलावरून पडल्याचा आवाज कोणीसा ऐकला होता. मीं अधिक चौकशी केली नाहीं. त्या मुलाला इतर मुलांसमोर नको तें बोललों, आणि सत्र संपेपर्यंत संगणकाच्या खोलींत पाऊल टाकावयाचें नाहीं, अशी शिक्षा दिली. "मीं कांहीं केलें नाहीं, सर," इतकेंच तो म्हणाला.

आठवड्यानें दुरुस्ती करणारा एक तरुण आला. त्यानें आपली हत्यारांची पिशवी उघडली सुद्धां नाहीं. माऊस उलटा केला, झांकण फिरविलें, गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि आंतल्या दोन रुळांवरून नख फिरविलें. करड्या रंगाची एक बारीक वळी, शेवईच्या तुकड्याएवढी, सुटून आली. "मळ आहे सर, दुसरें कांहीं नाहीं," तो म्हणाला. बाण वर-खालीं धांवूं लागला. तो मळ कोणाचा होता? त्या यंत्रावर बसणाऱ्या सर्वांचा होता. आणि सुटीच्या दिवसांत दार लावून घेऊन त्याच यंत्रावर सर्वांत अधिक वेळ सराव करणारा मीच होतों. त्या मुलाला मीं दुसऱ्या दिवसापासून पुन्हां खोलींत येऊं दिलें. कां येऊं दिलें, तें मात्र त्याला सांगितलें नाहीं.

तेव्हांपासून तें झांकण माझ्या मनांतून गेलें नाहीं. तें तेथें कोणी बसविलें असेल? यंत्र करणारा माणूस आपल्या यंत्राचे गुण सांगतो. त्यांत घाण सांचणार आहे, हें आधींच कबूल करून तिच्यासाठीं दार ठेवणारा विरळा. पुढें जसजसें वाचावयास मिळालें तसतशी या दाराची हकीकत मला कळत गेली.

माऊसचा जन्म अमेरिकेंत, कॅलिफोर्नियामधील मेन्लो पार्क या गांवीं, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत झाला. त्याचे जनक डग्लस एंगलबर्ट. हे १९२५ सालीं जन्मले आणि २०१३ सालीं वारले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते अमेरिकन आरमारांत रडारवर काम करणारे तंत्रज्ञ होते. कांचेच्या पडद्यावर उमटणाऱ्या खुणा पाहून त्यांना असा ध्यास लागला कीं, माणसानें पडद्यासमोर बसून यंत्राच्या साह्यानें विचार करावा, लिहावें, लिहिलेलें पुन्हां फिरवावें. पण पडद्यावरील एखाद्या शब्दावर बोट ठेवावयाचें कसें? १९६१ च्या सुमारास एका परिषदेंत बसले असतां त्यांना प्लॅनिमीटर नांवाच्या जुन्या उपकरणाची आठवण झाली. नकाशावर काढलेल्या वांकड्यातिकड्या शेताच्या कडेनें हें उपकरण फिरविलें म्हणजे त्याचें लहानसें चाक कागदावरून कांहीं फिरतें, कांहीं घसरतें, आणि त्याच्या फेऱ्यांवरून शेताचें क्षेत्रफळ निघतें. याकोब आम्सलर या स्विस गणितज्ञानें त्याचा सुटसुटीत प्रकार १८५४ सालीं काढला होता. एंगलबर्ट यांच्या मनांत आलें कीं, अशीं दोन चाकें एकमेकांशीं काटकोन करून एका ठोकळ्याखालीं बसविलीं, तर एक चाक आडवी चाल मोजील आणि दुसरें उभी.

१९६४ सालीं त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनीं तो ठोकळा तयार केला. लांकडाचा, मुठींत मावणारा, वर एकच बटन. प्रत्येक चाकाच्या आंसाला विजेचा प्रवाह कमीजास्त करणारा एक भाग जोडला होता. आपण हें भाषण ऐकत असलेल्या रेडिओला आवाज लहानमोठा करण्याची फिरती गुंडी असेल, तर तिच्या मागें तसाच भाग बसविलेला असतो. एका टोकानें निघालेली तार शेपटीसारखी दिसे, म्हणून कोणीतरी त्याला माऊस म्हटलें. कोणी म्हटलें तें पुढें त्या मंडळींपैकीं कोणालाच आठवेना. १९६५ च्या त्यांच्या अहवालांत मात्र हें नांव छापलेलें आहे. मराठींत त्याला कोणी मूषक म्हणून पाहिलें. पण तो गणपतीपुढून उठून टेबलावर कांहीं येईना. माऊस तो माऊसच राहिला.

त्या काळीं पडद्यावर खूण करण्याचीं दुसरींहि साधनें होतीं. प्रकाशाची लेखणी होती, दांडी होती, टेबलाखालून गुडघ्यानें हालविण्याचें एक साधनहि याच मंडळींनीं केलें होतें. या सर्वांची त्यांनीं रीतसर परीक्षा घेतली व ती १९६७ सालीं प्रसिद्ध केली. सरावलेल्या माणसांच्या हातीं माऊस सर्वांत सरस ठरला. पुढें ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें सुमारें हजार श्रोत्यांपुढें एंगलबर्ट यांनीं नव्वद मिनिटें आपली सर्व योजना चालवून दाखविली. १७ नोव्हेंबर १९७० रोजीं माऊसचें पेटंट मिळालें, क्रमांक ३५,४१,५४१. तें संस्थेच्या मालकीचें होतें. १९८७ सालीं त्याची मुदत संपली, आणि जगाच्या टेबलांवर त्यानंतर जे कोट्यवधि माऊस आले त्यांतून जनकाच्या पदरांत स्वामित्वधनाची दमडीहि पडली नाहीं.

हा पहिला माऊस चाकांचा होता. तो तिरपा नेला म्हणजे दोन्ही चाकें थोडीं फिरत, थोडीं फरपटत. एका बाजूला कलता धरला तर एकच चाक टेकून सरळ रेघ काढतां येई, ही त्याची एक गंमत. परंतु आमच्या गोष्टीला जी गोळी हवी ती त्याच्या पोटांत अजून आलेली नव्हती.

गोळीची कल्पना चाकांहून जुनी आहे, आणि ती आरमारांतून आलेली आहे. राल्फ बेंजामिन या इंजिनिअरानें ब्रिटिश आरमाराच्या रडारसाठीं १९४६ सालीं हातानें फिरविण्याचा एक चेंडू योजिला. दुसऱ्या वर्षीं त्याचें पेटंटहि झालें, परंतु लष्करी गुपित म्हणून तें झांकलेलेंच राहिलें. १९५२ सालीं कॅनडाच्या आरमारासाठीं काम करणाऱ्या टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर यांनीं तीच युक्ति स्वतंत्रपणें केली. त्यांनीं तर बोलिंगच्या खेळांतला चेंडूच यंत्रांत बसविला. या दोन्ही ठिकाणीं चेंडू वर तोंड करून होता आणि माणसाचा तळहात त्यावर फिरत होता. तो उलटा करण्याची बुद्धि झाली ती जर्मनींत. टेलेफुंकेन या कंपनींत रायनर मालेब्राइन आणि त्यांचे सहकारी विमानवाहतूक पाहणाऱ्या रडारसाठीं टेबलांत बसवावयाचे असे चेंडू करीत. त्यासाठीं टेबलाला खळगा पाडावा लागे. त्यापेक्षां चेंडूच पालथा घालून टेबलावरून फिरविला तर? त्यांच्या या उपकरणाची जाहिरात २ ऑक्टोबर १९६८ च्या पत्रकांत आहे, म्हणजे एंगलबर्ट यांच्या त्या गाजलेल्या प्रयोगाच्या दोन महिने आधींची. जर्मन पेटंट-कचेरीला मात्र त्यांत पुरेशी नवी युक्ति दिसली नाहीं, आणि अर्ज फेटाळला गेला.

चेंडू पालथा घातला ही गोष्ट दिसावयास लहान, पण आमचा मळ तेथूनच सुरू होतो. वर तोंड केलेला चेंडू फार तर हाताचा घाम घेईल. पालथा चेंडू टेबल चाटीत जातो. आणि जें चाटतो तें पोटांत नेऊन ठेवतो.

१९७१ सालीं बिल इंग्लिश हे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत गेले. तेथें चाकांची जागा गोळीनें घेतली, आणि १९७३ सालच्या आल्टो या संगणकाला माऊस हें अंगभूत साधन झालें. परंतु तो प्रयोगशाळेंतला उंदीर होता. त्याची किंमत शेंकडों डॉलरांच्या घरांत होती. गोळी नेमक्या दाबानें धरून ठेवण्याची नाजूक योजना त्यांत होती, आणि तो खोलून साफ करणें हें माहीतगार माणसाचें काम होतें. जेथें दहा यंत्रांमागें एक माहीतगार माणूस हाताशीं असतो तेथें हें चालून जातें. घरीं माहीतगार माणूस कोठून आणावयाचा?

१९७९ च्या डिसेंबरांत ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनीं हें केंद्र पाहिलें. पुढील वर्षीं त्यांनीं डीन हव्ही या तरुणाला बोलावून नवा माऊस करावयास सांगितलें. हव्ही नुकताच स्टॅनफर्ड विद्यापीठांतून बाहेर पडलेला. मित्रांबरोबर वस्तूंचे आराखडे करून देण्याचा त्याचा लहानसा व्यवसाय होता. जॉब्ज यांच्या अटी विलक्षण होत्या. माऊस पंधरा डॉलरांच्या आंत तयार झाला पाहिजे, दोनएक वर्षें बिघडतां कामा नये, आणि तो साध्या मेजावर तसाच आपल्या जीनच्या विजारीवरहि चालला पाहिजे. हव्ही बाजारांत गेला, घामाच्या वासासाठीं काखेंत फिरविण्याच्या कुप्या आणि लोणी ठेवण्याचीं प्लॅस्टिकचीं भांडीं घेऊन आला. कुपीच्या तोंडांतली गोळी काढली, भांड्यांत घातली, आणि पहिला नमुना टेबलावर फिरूं लागला. ही हकीकत वाचली तेव्हां मला मोठा धीर आला. शाळेंत आम्ही विज्ञानाचीं उपकरणें अशींच करीत होतों आणि निरीक्षकांपुढें ठेवतांना ओशाळत होतों.

हव्हीचा सहकारी जिम युर्चेंको यानें त्या काळच्या एका खेळयंत्रांतील चेंडू उघडून पाहिला. तेथें चेंडू दाबून धरलेला नव्हता. तो आपल्या वजनानें मोकळा तरंगत होता. नेमक्या दाबाची सर्व नाजूक योजना मग अनावश्यक ठरली. त्यानें आंतले सगळे भाग धरून ठेवणारा एकच प्लॅस्टिकचा सांगाडा केला, मासळीच्या पिंजऱ्यासारखा. याहून महत्त्वाचें म्हणजे या मंडळींच्या एक गोष्ट ध्यानांत आली. माऊस अगदीं अचूक असण्याची गरजच नाहीं. वापरणारा आपल्या हाताकडे पाहत नसतो, पडद्याकडे पाहत असतो. बाण थोडा चुकला तर डोळा हाताला सांगतो आणि हात तो सुधारतो. यंत्राची उणीव माणूस नकळत भरून काढतो. हाच विश्वास मळाच्या बाबतींतहि त्यांनीं माणसावर टाकला. गोळी मळणारच, तेव्हां ती बाहेर काढतां आली पाहिजे, आणि तीहि वापरणाऱ्याला, हत्याराशिवाय. म्हणून तळाशीं फिरणारें कडें आलें. जानेवारी १९८३ मध्यें लिसा आणि जानेवारी १९८४ मध्यें मॅकिंटॉश या संगणकांबरोबर असा माऊस दुकानांत आला.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथील प्राध्यापक जाँ-दानिएल निकू आणि घड्याळाच्या कामांत हात बसलेले आंद्रे गिन्यार यांनींहि सुबक माऊस केले. १९८१ च्या ऑक्टोबरांत तेथल्याच आप्ल नांवाच्या खेड्यांत लॉजिटेक कंपनी निघाली. तिनें पुढें हा धंदा जगभर नेला. प्रत्येकाचें झांकण थोडें निराळें. कोणाचें फिरवावें लागे, कोणाचें सरकवावें लागे. पण बाणाची खूण करून दिशा दाखविलेली असे, आणि ती खूण निरक्षरालाहि वाचतां येई.

आतां त्या पोटांत काय होतें तें पाहूं. गोळी पोलादाची, वर रबराचा थर. पोलाद वजनासाठीं, रबर टेबल पकडण्यासाठीं. तिला टेकून दोन बारीक रूळ, एक आडवा, एक उभा. समोरून एक तिसरें लहान चाक स्प्रिंगच्या जोरावर गोळीला त्या दोघांकडे हळूच ढकलीत असे. प्रत्येक रुळाच्या टोकाला भोकाभोकांची चकती. चकतीच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा दिवा, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश ओळखणारे दोन डोळे. चकती फिरली म्हणजे प्रकाश लागतो, तुटतो, लागतो. किती वेळां तुटला त्यावरून बाण किती सरकवावा तें संगणक ठरवितो. पण कोणत्या दिशेनें? त्यासाठींच डोळे दोन. शेजारशेजारच्या दोन खिडक्यांतून आपण रस्त्यावर पाहत आहों. सायकलस्वार आधीं डाव्या खिडकींत दिसला कीं उजव्या, एवढ्यावरून तो कोणीकडे चालला आहे तें कळतें. येथेंहि तेंच. ही रचना मीं पहिल्यांदां पाहिली तेव्हां आतां यापुढें विज्ञानाच्या तासाला दुसरें उपकरण कशाला हवें, असें मला वाटलें.

आणि मळ? गोळी टेबलावरून कपड्याचे तंतु, धूळ, त्वचेचा गळून पडलेला कोंडा उचली. हाताचा तेलकटपणा त्याला चिकटवी. शाळेंत त्यांत खडूची भुकटीहि मिळे. गोळी चहूंकडे फिरते, त्यामुळें तिच्यावर मळ एके ठिकाणीं बसत नाहीं. पण रुळाला ती नेहमीं एकाच पट्टीवर टेकते. म्हणून सगळा मळ त्या पट्टीवर दाबला जाऊन त्याचें कडें तयार होई, नमद्यासारखें घट्ट. कडें जाड झालें कीं रुळाचा घेर वाढे आणि बाण मंदावे. तें ओबडधोबड झालें कीं बाण अडखळे. आणि रूळ फिरेनासा झाला कीं ती दिशाच बंद. आमच्या तिसऱ्या यंत्राला झालें तें हेंच. उभी चाल मोजणारा रूळ मळानें बांधला गेला होता, आडवी मोजणारा अजून तग धरून होता. माऊस पडून मोडला असता तर इतका नेमका निम्मा मोडला नसता. हा विचार मला त्या दिवशीं सुचावयास हवा होता.

साफसफाईची रीत लवकरच आमच्या हातीं बसली. संगणक बंद करावा, माऊस पालथा करावा, कडें फिरवावें, आणि तळहात खालीं धरून माऊस सुलटा करावा, म्हणजे गोळी अलगद हातांत येते. ती कोमट पाण्यानें पुसून कोरडी करावी. रबराला स्पिरिट लावूं नये. रुळावरील कडें नखानें किंवा आगपेटींतील काडीनें खरवडावें, रूळ थोडा फिरवून पुन्हां खरवडावें, आणि सुटलेला मळ आंत पडूं न देतां चिमटीनें उचलावा. मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटाचा हात द्यावा. तिसरें चाक विसरूं नये. नवशिका हटकून तेंच विसरतो. फुंकर घालूं नये असें मी दर वेळीं सांगत असें, आणि दर वेळीं सर्वजण फुंकर घालीत.

१९९९ च्या नवरात्रांत खंडेनवमीला आम्हीं हत्यारांच्या पूजेंत संगणकहि मांडले. सुतारकामाच्या वर्गांतील रंधे आणि करवती मुलांनीं पुसून ठेवल्या होत्या. तेव्हां चारहि माऊस उघडून साफ करावे असें ठरलें. सतरंजीवर चार गोळ्या ओळीनें ठेवल्या. ज्या मुलाला मीं शिक्षा केली होती तो आतां आठवींत होता. त्याचीं बोटें लांबसडक होतीं आणि हात स्थिर. सर्वांत अवघड रूळ त्यानें साफ केला आणि ती करडी वळी कागदावर ठेवून मला दाखविली. त्या वेळीं तरी मीं बोलावयास हवें होतें. "छान," एवढेंच म्हणालों.

आम्ही सतरंजीवर बसून हें करीत होतों त्याच वर्षीं गोळीचा काळ संपत आला होता. प्रकाशानें चालणारे माऊस १९८० च्या दशकाच्या आरंभींच निघाले होते. झेरॉक्समध्यें रिचर्ड लायन यांनीं एक केला, स्टीव्ह कर्श यांनीं दुसरा. परंतु त्यांना खास नक्षी छापलेली पाटी खालीं लागे. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें जो माऊस आणला तो खालच्या पृष्ठभागाचीं सेकंदाला पंधराशें चित्रें घेई आणि आधींच्या चित्राशीं नवें चित्र ताडून चाल ओळखी. त्याला पाटी नको, गोळी नको, रूळ नको. तो विजारीवरहि चालतो. आरशावर आणि निर्मळ कांचेवर तेवढा गोंधळतो. दोनचार वर्षांत गोळीचे माऊस अडगळींत गेले. हें वाईट झालें असें मी म्हणणार नाहीं. पंधरवड्यास नख लावावें लागणाऱ्या यंत्रापेक्षां न लागणारें बरें, हें कोणीहि मान्य करील.

मौज पुढेंच आहे. ज्या कंपनीनें तें झांकण घरोघरीं नेलें तिनेंच २००५ सालीं एक माऊस काढला. त्याच्या पाठीवर मजकूर सरकविण्यासाठीं वाटाण्याएवढी एक गोळी होती. ती गोळीहि मळे, अगदीं जुन्या गोळीसारखीच. पण खालचें कडें या वेळीं डिंकानें चिकटविलेलें होतें. उघडावयाचें असेल तर सुरीनें फोडावें लागे. नाहींतर माऊस पालथा करून स्वच्छ फडक्यावर ती गोळी घासावी, हाच उपाय. पंचवीस वर्षांपूर्वीं त्याच दारापर्यंत पोंचण्यासाठीं एक तरुण लोण्याचीं भांडीं विकत घेत फिरला होता. आणि २०१५ च्या माऊसला तळाशीं पुन्हां एक भोक आलें खरें, पण तें आंतली विजेची पेटी भरण्यासाठीं. तिची तार लावली असतां माऊस पालथा पडून राहतो, चालवितां येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या नातीचा माऊस बिघडला. एकदां दाबलें तर दोनदां दाबल्याचें धरी. नवा आणावा असें घरांत ठरत होतें. मीं तो मागून घेतला. झांकण नव्हतेंच. तळाच्या चार गुळगुळीत पट्ट्यांपैकीं एक नखानें उचलली तेव्हां तिच्याखालीं एक बारीक स्क्रू सांपडला, दुसरीखालीं दुसरा. दोन्ही काढले, पुढच्या बाजूच्या खांचा अलगद सोडविल्या, आणि वरचा टोप निघाला. मधल्या चाकाच्या आंसाला तिच्या केसांची गुंडाळी आणि तीच करडी वळी होती. ती बटनाखालच्या लहानशा काळ्या डबींतहि डोकावूं पाहत होती. पण दोष तिचा नव्हता. त्या डबींत तांब्याची एक पातळ पट्टी असते. दाबली कीं ती टचकन् वांकून खालीं टेकते आणि सोडली कीं परत जाते. लाखों वेळां वांकून ती थकते, टेकल्यावर थरथरते, आणि यंत्राला एका दाबाचे दोन दाब दिसतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यानें जुनी डबी काढून नवी डाख लावून बसवून दिली. खर्च एका चहाएवढा.

नात शेजारीं बसून पाहत होती. "आजोबा, हें कोणी मोडलें होतें?" तिनें विचारलें. कोणीच नाहीं, मीं म्हटलें. आणि मग त्या मुलाची गोष्ट तिला प्रथम सांगितली.

तो आतां चाळिशीच्या घरांत असेल. कोठें असतो, काय करतो, मला ठाऊक नाहीं. तो आज रेडिओजवळ असेल, किंवा हें भाषण छापून येईल तेव्हां त्याच्या वाचनांत येईल, तर त्याला मला एवढेंच कळवावयाचें आहे कीं, तिसऱ्या यंत्राचा माऊस त्यानें मोडला नव्हता.